प्रोसेसरला व्होल्ट किती द्यावे? मे महिन्यात टिकेल असं ओव्हरक्लॉकिंग, पायरीपायरीने

माझा मावसभाऊ पाचोऱ्याला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आठव्या पिढीचा आय-सेव्हन ८७००के, झेड३७० बोर्ड, बऱ्यापैकी मोठा टॉवर कूलर. डिसेंबरातल्या एका रात्री शेकोटीवरून उठून आम्ही त्याचं ओव्हरक्लॉकिंग केलं, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर नेऊन ५.० गिगाहर्ट्झला, १.३५ व्होल्टवर बसवला. रात्रभर टेस्ट चालली, सकाळी एकही एरर नाही. भरीत-भाकरी हाणून मी जळगावला परत आलो आणि आठवडाभर चार जणांना कौतुकाने सांगत सुटलो.

आखाजीच्या तोंडावर, ऐन लग्नसराईत, फोन आला. "भाऊ, रेंडर नव्वद टक्क्यांवर जातं अन् निळा पडदा येतो. नवरीकडचे दारात बसलेत."

रेंडर म्हणजे एडिट केलेल्या कामातून अंतिम व्हिडिओ तयार होणं, आणि निळा पडदा म्हणजे विंडोज कोसळणं. मशीन तेच, सेटिंग तीच, व्होल्टही तेवढेच. बदलली होती फक्त खोली. डिसेंबरात ती १८ अंशांवर होती, आता भर दुपारी ३८ वर. तेव्हापासून "सेफ व्होल्टेज किती?" या प्रश्नाला मी एका आकड्यात उत्तर देत नाही. हा आकडा जितका चिपचा तितकाच खोलीचाही असतो. पुण्या-बंगळूरच्या एसी खोलीतून आलेला आकडा भुसावळच्या पत्र्याखालच्या खोलीत जसाच्या तसा चालत नाही.

पुढचं सगळं डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपवर हे प्रयोग करू नका.

आधी गणित

प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात. वर्ग या शब्दावर जरा थांबा, कारण सगळी गोम तिथे आहे.

भावाच्या मशीनचे आकडे घेऊ. ८७००के मूळ सेटिंगला सगळ्या सहा कोअरवर ४.३ गिगाहर्ट्झ चालतो. तेव्हा त्याला १.१५ व्होल्ट लागत होते आणि तो साधारण १०० वॅट खात होता असं धरा. आता ५.० ला १.३५. वेग वाढला १६ टक्के. व्होल्टच्या वर्गामुळे वाढ ३८ टक्के. दोन्हींचा गुणाकार केला की १०० चे १६० वॅट होतात. म्हणजे १६ टक्के वेगासाठी ६० टक्के जास्त उष्णता.

त्याचा कूलर दर वॅटमागे ०.४ अंश तापमान वाढू देतो असं धरलं, तर १०० वॅटला चिप खोलीपेक्षा ४० अंश वर जाते आणि १६० वॅटला ६४ अंश. डिसेंबरात १८ अधिक ६४, म्हणजे ८२. ठीक. मे महिन्यात ३८ अधिक ६४, म्हणजे १०२. या चिपची कमाल मर्यादा १०० आहे. तिथे ती स्वतःच वेग पाडते. पण निळा पडदा त्याच्याही आधी येतो, कारण तापलेली चिप त्याच वेगासाठी थोडे जास्त व्होल्ट मागते. थंडीत जेमतेम पुरणारे १.३५ उन्हात पुरेनासे होतात.

तीच चिप ४.७ ला १.२२ व्होल्टवर चालवली तर? सुमारे १२३ वॅट, खोलीपेक्षा ४९ अंश वर, मे महिन्यात ८७. रेंडरला लागणारा जास्तीचा वेळ भावाने घड्याळ लावून पाहिला. चहा प्यायला जेवढा जातो, तेवढाही नाही.

तुमच्या कूलरचा दर वॅटमागचा आकडा काढणं सोपं आहे. भार देऊन वीस मिनिटं थांबा, चिपच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि सॉफ्टवेअर दाखवतं त्या पॅकेज पॉवरने (प्रोसेसर एकूण खातो ते वॅट) भागा. बस.

हात लावण्याआधी

तुमचा प्रोसेसर मोकळा, म्हणजे वेग वाढवू देणारा, आहे का ते बघा. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' किंवा 'केएफ' हवं आणि बोर्ड झेड मालिकेचा हवा. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात, पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा लागतो. ए३२० आणि ए५२० वर हे होत नाही. ५८००एक्स३डी हा चिपवर जास्तीची कॅश मेमरी चढवलेला प्रोसेसर मुद्दाम बंद ठेवलेला आहे, त्याच्या मागे लागू नका.

मग बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी बघा. एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) आलेले १२ व्होल्ट उतरवून सव्वा व्होल्ट करणारा भाग तिथे असतो, त्याला व्हीआरएम म्हणतात. त्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक नसेल, म्हणजे काळे चौकोनी तुकडे उघडेच दिसत असतील, तर हा लेख वाचून सोडून द्या. असा बोर्ड खान्देशातल्या उन्हाळ्यात मूळ सेटिंगलाच कष्टाने चालतो.

विजेकडे आपल्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट १००–२४० लिहिलंय की २००–२४०, ते वाचा. गावाकडे संध्याकाळी पंख्याचा वेग पडतो तेव्हा सॉकेटला दोनशेच्या आत व्होल्ट असतात आणि दुसऱ्या प्रकारचा एसएमपीएस तिथे गचके खातो. तुम्ही मात्र बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) व्होल्ट वाढवत बसता. १२ व्होल्टची लाइन पूर्ण भारावर ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. सॉफ्टवेअर या लाइनचा आकडा अनेकदा चुकीचा दाखवतं, म्हणून खात्री मल्टिमीटरने करा.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा यूपीएसवर बहुधा ३६० वॅटच्या आसपास लिहिलेलं असतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम ताणलं की तो किंचाळून बंद होतो. टेस्ट चालू असताना लाइट गेली आणि मशीन बसलं तर ते नापास धरू नका, पण पासही धरू नका. पुन्हा पहिल्यापासून.

कॅबिनेटला बोट लावल्यावर मुंग्या येत असतील तर ओव्हरक्लॉकिंग बाजूला ठेवून आधी अर्थिंग नीट करून घ्या.

धूळ! जिनिंगजवळ राहणाऱ्यांच्या मशीनमध्ये कापसाचे तंतू हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखे बसतात. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांजवळ राहणाऱ्या एका मित्राचं कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, तेव्हा आम्ही दोघं अंगणात जाऊन दहा मिनिटं शिंकत होतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षं जुनी असेल तर बदला.

शेवटचं म्हणजे बॅकअप. अस्थिर मशीन फाइली बिघडवतं आणि तेही गुपचूप. ज्या डिस्कवर कुणाच्या लग्नाचं एकमेव फुटेज आहे, ती टेस्टच्या काळात केबल काढून ठेवा.

वही घ्या

अगदी खरोखरची वही. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा), बायोसमधले व्होल्ट, भार असतानाचे व्होल्ट, सर्वांत तापलेली कोअर, टेस्टचं नाव, निकाल. खोलीसाठी एक स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या हवा आत जाते त्या बाजूला ठेवा. भिंतीवर ठेवलात तर तो भिंतीचं तापमान सांगेल.

पहिली नोंद मूळ सेटिंगची. बायोस अद्ययावत करा, सगळं डिफॉल्टवर आणा, रॅमचं एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारं प्रोफाइल) सध्या बंद ठेवा. विंडोजमध्ये तापमान आणि व्होल्ट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवा आणि प्रोसेसरला पूर्ण भार देणारं सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवा. इथेच प्रोसेसर ९० च्या पुढे जात असेल, तर ओव्हरक्लॉकिंगचा विषय संपला. आधी कूलर, पेस्ट, हवा.

जळगावात 'कूलर' म्हटलं की लोकांना खिडकीतलाच आठवतो, म्हणून त्याच्याबद्दलही सांगतो. त्याने खोली चार-सहा अंश उतरते आणि प्रोसेसरही तेवढाच उतरतो, हा फायदा खरा. पण त्याचं तोंड थेट कॅबिनेटकडे करू नका. गवतावरून उडालेले पाण्याचे बारीक थेंब हवेबरोबर येतात, आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं असतं आणि ते क्षार बोर्डावर बसतात.

बायोसमध्ये काय बदलायचं

सगळ्यात मोठा सापळा 'ऑटो' हा शब्द. मल्टिप्लायर वाढवून व्होल्टेज ऑटोवर सोडलं की बोर्ड स्वतःच्या मनाने व्होल्ट देतो. मशीन बंद पडलं तर गिऱ्हाईक बोर्डाला नावं ठेवेल, म्हणून तो सढळ हाताने देतो. १.२५ मध्ये भागत असताना ऑटोने १.४० दिलेले मी स्वतः पाहिले आहेत. व्होल्ट हाताने भरा.

मल्टिकोअर एन्हान्समेंट किंवा तशा नावाचं काही चालू असेल तर बंद करा. तेसुद्धा बोर्डाने परस्पर केलेलं ओव्हरक्लॉकिंगच आहे. बेस क्लॉक १०० वर राहू द्या, त्याला हलवलं की बाकीचंही हलतं. कॅशचा वेग मूळ ठेवा. वीज वाचवणाऱ्या सी-स्टेट बंद करायचा सल्ला जुन्या काळातला आहे, त्या चालूच ठेवा. शोध चालू असेपर्यंत व्होल्टेज मॅन्युअल मोडवर, आणि आकडा सापडला की ॲडाप्टिव्ह किंवा ऑफसेटवर न्यायचं, म्हणजे मशीन रिकामं असताना व्होल्ट आपोआप खाली येतात.

आता लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी. याच्याइतका गोंधळ दुसऱ्या कुठल्याच सेटिंगने केलेला नाही.

केळीच्या बागेतली ठिबकची नळी डोळ्यांसमोर आणा. व्हॉल्व्हपाशी दाब बरोबर असतो, पण सगळे ड्रिपर चालू झाले की शेवटच्या झाडापाशी तो उतरलेला असतो. प्रोसेसरचंही तसंच. बायोसमध्ये १.३० भरलेत तरी भार आल्यावर प्रत्यक्षात १.२३ मिळतात. या उतरणीला व्हीड्रूप म्हणतात आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. एलएलसी वाढवलं की ही उतरण कमी होते. मग अनेक जण ते थेट टोकाला नेतात आणि मॉनिटरवर सपाट रेघ बघून खूश होतात.

पण चालू बागेत व्हॉल्व्ह धाडकन बंद केला तर पाण्याचा दणका बसतो, जोड निसटतो. भार अचानक गेला की प्रोसेसरवरही तसाच व्होल्टचा दणका येतो. तो इतक्या कमी वेळासाठी असतो की सेकंदाला एकदा आकडा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसत नाही, ऑसिलोस्कोपलाच दिसतो. एलएलसी टोकाला असेल तर तो दणका मोठा. म्हणून मधली पातळी ठेवा आणि थोडी उतरण राहू द्या.

आणि पातळ्यांचे आकडे नीट वाचा! असूसच्या बोर्डांवर आकडा वाढला की एलएलसी कडक होतं. एमएसआय आणि ॲसरॉकवर उलटं, तिथे १ म्हणजे सगळ्यात कडक. एका कंपनीच्या बोर्डासाठीचा व्हिडिओ बघून दुसऱ्या बोर्डावर 'लेव्हल १' लावणारे दर महिन्याला एक-दोन तरी भेटतात.

चढाई

मल्टिप्लायर एकाने वाढवा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. व्होल्ट तेच ठेवा. सिनेबेंच दहा मिनिटं. पास झालं तर आणखी एक. कुठेतरी मशीन पडेल. तिथे व्होल्ट ०.०१ ने वाढवा, पुन्हा टेस्ट. पास झालं की नोंद करा, पुढच्या पायरीवर जा.

काही वेळाने वहीतच एक वळण दिसू लागतं. सुरुवातीला प्रत्येक १०० मेगाहर्ट्झला ०.०१ किंवा ०.०२ व्होल्ट पुरतात. मग एका पायरीला एकदम ०.०५ लागतात, पुढच्या पायरीला त्याहून जास्त. भावाच्या चिपचं हे वळण ४.९ ला होतं. वळण आलं की एक पायरी खाली उतरा. तुमचा रोजचा वेग तिथेच आहे. "शेजाऱ्याचा ५.० ला चालतो" याला अर्थ नाही. एकाच नावाच्या दोन चिप एकसारख्या नसतात, एकाच झाडाच्या दोन फण्याही नसतात.

घाई करू नका भो. एका वेळी एकच गोष्ट बदला.

मशीन चालूच झालं नाही तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर आपोआप डिफॉल्टवर येतात. नाहीच आलं तर वीज पूर्ण काढा, सीएमओएसचा (बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी) जंपर लावा किंवा सीआर२०३२ चा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

मग छत कुठे?

हे माझे आकडे आहेत, कुठल्या कंपनीची हमी नाही. सगळे भार असतानाचे, एचडब्ल्यूइन्फोने दाखवलेले, रोजच्या वापराचे.

इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिजला, म्हणजे २५००के वगैरे अजून कुणाकडे जिवंत असेल तर, १.३५. आयव्ही ब्रिज आणि हॅसवेलला १.२५, फार तर १.३०. सहाव्या ते दहाव्या पिढीपर्यंतच्या १४ नॅनोमीटरच्या चिपना इतर ठिकाणी लोक १.३५ म्हणतात, उत्तम कूलरवर १.४० सुद्धा नेतात. आपल्याकडे एसी नसलेल्या खोलीत मी १.३० च्या वर जात नाही. बाराव्या पिढीलाही १.३०.

पहिल्या दोन पिढ्यांच्या रायझनला १.३५. ३००० आणि ५००० मालिकेत सगळ्या कोअर एका वेगाला बांधायच्या असतील तर १.२५, १.३० म्हणजे धोक्याची पाटी.

इंटेलच्या कागदपत्रांत १४ नॅनोमीटरच्या चिपसाठी १.५२ व्होल्ट असा आकडा दिसतो आणि लोक तो परवानगी म्हणून दाखवतात. तो चिप मागू शकते त्या व्होल्टेजच्या पट्ट्याचा वरचा टोकाचा आकडा आहे. पूर्ण भारावर वर्षानुवर्षं चालवायचा आकडा नव्हे. ट्रॅक्टरच्या स्पीडोमीटरवर चाळीस लिहिलंय म्हणून नांगरट चाळीसने करत नाहीत.

याच्या उलट घाबरट गैरसमज रायझनवाल्यांचा. नवीन मशीन आणलं, ब्राउझर उघडला आणि व्होल्टेज १.४५ दिसलं की लगेच दुकानात फोन. एकच कोअर क्षणभर धावते तेव्हा हे नॉर्मल आहे, कारण तेव्हा करंट कमी असतो. चिप झिजते ती व्होल्ट, करंट आणि तापमान हे तिन्ही एकत्र येऊन बराच काळ बसले की. आतल्या केसाहून कितीतरी बारीक तारांमध्ये वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणू हळूहळू पुढे ढकलत नेतात, तार एका जागी पातळ होत जाते. तापमान आणि करंटची घनता वाढली की हा वेग वाढतो. ट्रान्झिस्टरही म्हातारे होतात ते वेगळंच. २००२ च्या नॉर्थवुड पेंटियम ४ ला लोकांनी १.७ च्या वर व्होल्ट दिले आणि त्या चिप काही महिन्यांत एकाएकी मेल्या. त्या मरणाला तेव्हा नावच पडलं होतं.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा इंटेल तुमच्याकडे असेल तर ओव्हरक्लॉकचा विचारही नंतर, आधी बायोस. या चिप मूळ सेटिंगलाही गरजेपेक्षा जास्त व्होल्ट मागत होत्या आणि त्यामुळे झिजून अस्थिर होत होत्या, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्या ऑगस्टमधल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने (चिपच्या आतलं छोटं सॉफ्टवेअर, ते नव्या बायोसबरोबर येतं) मागणी १.५५ व्होल्टला अडवली, सप्टेंबरात ०एक्स१२बी आला, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. बायोस नवीन केल्याने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. सेकंडहँड घेताना हे लक्षात असू द्या.

आकडा खरा कोणता

एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्होल्टेज अनेक ठिकाणी दिसतं आणि सगळीकडे वेगळं. व्हीआयडी म्हणजे चिपने मागितलेलं, मिळालेलं नव्हे. व्हीकोर म्हणजे बोर्डाने मोजलेलं. कुठल्या बोर्डावर ते चिपच्या जवळ मोजतात, कुठे सॉकेटच्या मागे, म्हणून थोडंफार कमीजास्त येतं. ३००० आणि ५००० मालिकेच्या रायझनवर 'एसव्हीआय२ टीएफएन' लिहिलेली ओळ बघा. छत ठरवताना भार असतानाचा आकडा धरा, बायोसमध्ये भरलेला नाही.

टिकतंय की नाही

सिनेबेंच पास म्हणजे सातबारा नावावर झाला असं नाही, नुसती विसार पावती झाली. खरी परीक्षा पुढे.

प्राइम९५ हे प्रोसेसरला ताण देणारं सॉफ्टवेअर घ्या. स्मॉल एफएफटी हा प्रकार प्रोसेसरला सगळ्यात जास्त तापवतो. आधी एव्हीएक्स (एकदम बरीच गणितं करायला लावणाऱ्या जड सूचना) बंद करून अर्धा तास. मग एव्हीएक्स चालू करून दहा मिनिटं, तीही तापमानावर डोळा ठेवून. ९५ दिसलं की थांबवा. व्हिडिओ रेंडरिंगमध्ये एव्हीएक्स भरपूर वापरतात, त्यामुळे ते टाळून चालत नाही. बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट असेल तर २ ठेवा, म्हणजे त्या कामापुरता वेग २०० मेगाहर्ट्झने उतरतो. पुढे लार्ज एफएफटी किंवा ब्लेंड दोन-तीन तास, किंवा वाय-क्रंचर हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर. शेवटी तुमचं स्वतःचं सगळ्यात जड काम. भावासाठी ते म्हणजे हळदीपासून बिदाईपर्यंतचा पूर्ण रेंडर.

मशीन कसं पडतं यावरून बरंच कळतं. प्राइम९५ मध्ये एखादाच वर्कर (टेस्टचा एक भाग) राउंडिंगची एरर देऊन थांबला आणि बाकी चालू राहिले, तर तुम्ही काठावर आहात, ०.०१ ते ०.०२ व्होल्ट पुरतात. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' किंवा 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' असा निळा पडदा आला तर व्होल्ट बऱ्यापैकी कमी पडताहेत, बहुधा एक पायरी खाली उतरणंच बरं. निळा पडदा न येता थेट अंधार झाला, तर प्रोसेसरच्या आधी एसएमपीएस, यूपीएस आणि व्हीआरएमचं तापमान तपासा. नुसतं एखादं सॉफ्टवेअर आपोआप बंद होत असेल तर रॅमवरही संशय घ्या.

आणि काहीच पडलं नाही तरी विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम लॉगमध्ये 'व्हिया-लॉगर' शोधा. क्रमांक १९ म्हणजे चूक झाली होती, चिपने ती दुरुस्त करून घेतली. वरून सगळं चालू दिसतं, आतून वाळवी लागलेली असते. त्या नोंदी असतील तर टेस्ट नापास.

हे सगळं झाल्यावरच रॅमचं एक्सएमपी चालू करा आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार फेरे पूर्ण होऊ द्या. ७००० मालिकेच्या रायझनवाल्यांनी इथे डोळे उघडे ठेवावेत. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (एएमडीचं एक्सएमपी) लावताच काही बोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे चिपमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज, भलतंच वाढवत होते आणि २०२३ मध्ये त्यातून एक्स३डी चिप जळाल्या. नंतरच्या बायोसनी ते १.३० ला अडवलं. जुना बायोस असेल तर आज रात्रीच बदला.

रायझन ५००० आणि पुढचे

इथे सगळ्या कोअर एका वेगाला बांधणं मला पटत नाही. एका कोअरचा मूळ बूस्ट त्याने उलट कमी होतो. त्याऐवजी पीबीओमध्ये (बूस्टची मर्यादा सैल करणारी एएमडीची सोय) कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. त्यात प्रत्येक कोअरला उणे आकडा देता येतो. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी. व्होल्ट कमी मिळाल्याने चिप थंड राहते, आणि थंड राहिली की स्वतःच जास्त वेग घेते. सगळ्यांना उणे १० पासून सुरू करा. एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये चांदणी असलेल्या चांगल्या कोअरना उणे ५ वर ठेवा, कारण त्या आधीच कमी व्होल्टवर ताणलेल्या असतात.

याची गंमत अशी की जड टेस्ट पास होते आणि मशीन पडतं ते रिकामं असताना, किंवा गाणी ऐकताना. म्हणून कोअरसायकलर नावाचं छोटं साधन रात्रभर लावा, ते एकेक कोअर वेगळी तपासतं. पीबीओ हे बायोसमध्येच असलं तरी एएमडीच्या लेखी ते ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि त्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

ज्यांच्या खोलीत मे महिन्यात चाळीस अंश असतात त्यांनी ६५ वॅटचा इको मोडही एकदा लावून बघावा. वेग थोडासाच जातो, उष्णता मात्र धाडकन उतरते.

मे महिन्याची सोय

थंडीत टेस्ट करत असाल तर आकडा सापडल्यावर वहीतली बेरीज पुन्हा करा. चिपचं तापमान वजा खोलीचं तापमान, त्यात ४० मिळवा. उत्तर ९० च्या वर गेलं तर एक पायरी खाली. वेग तोच ठेवायचा हट्ट असेल तर सापडलेल्या किमान व्होल्टच्या वर ०.०२ ठेवा, पण मग उष्णतेची बेरीजही पुन्हा करावी लागेल.

थंडीची वाट बघण्यात अर्थ नाही, हेही खरं. टेस्टला सगळ्यात चांगला मुहूर्त म्हणजे मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ, खिडकीतला कूलर बंद करून. स्वतः बाहेर ओट्यावर बसा.

सेटिंग बसल्यावर सहा महिन्यांनी एकदा प्राइम९५ अर्धा तास लावून बघा. आधी पास होणारं सेटिंग त्याच खोलीच्या तापमानाला, साफ हीटसिंकवर नापास होऊ लागलं आणि थोडे जास्त व्होल्ट दिले की चालू लागलं, तर चिप झिजते आहे. अशा वेळी व्होल्ट वाढवायचे नाहीत, वेग उतरवायचा. वाढवलेत तर तिसऱ्या महिन्यात पुन्हा तिथेच याल.

भावाच्या मशीनमध्ये आता दोन प्रोफाइल सेव्ह आहेत. होळी झाली की ४.७ ला १.२२, दिवाळीनंतर ४.८ ला १.२५. बायोसमध्ये मराठी टाइप होत नाही, म्हणून एकाला १ नाव दिलंय आणि दुसऱ्याला २. कुठलं कुणाचं ते कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या तुकड्यावर लिहून चिकटवलं आहे.